नाव दाभोळचं, जागा अंजनवेलची: एन्रॉनचं प्रकरण पुन्हा वाचताना

धोपाव्याहून फेरीबोटीत बसलं की थोड्याच वेळात पलीकडे दाभोळ. मध्ये वाशिष्ठीची खाडी. बोट मधोमध आली की समुद्राच्या बाजूच्या कठड्याशी उभं राहून डावीकडे बघावं. आधी वेलदूरच्या होड्या, मग चढावरची घरं, पुढे अंजनवेलचा गोपाळगड आणि सड्यावर वीजप्रकल्पाच्या चिमण्या. अमेरिकेच्या एन्रॉननं हा प्रकल्प ज्या कंपनीमार्फत उभारला तिचं नाव दाभोळ पॉवर कंपनी. दाभोळ मात्र उजव्या हाताला, खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्पाची जमीन अंजनवेल, वेलदूर, रानवी या गुहागर तालुक्यातल्या गावांची. परदेशातून आलेल्या कंपनीनं पाटीवर जे गाव लिहिलं, ते समोरच्या काठावरचं होतं.

दाभोळ हे जुनं, नकाशावर ठळक असलेलं बंदर, म्हणून ते नाव घेतलं असेल. त्यात फार अर्थ शोधू नये. तरी वर्गात मी सुरुवात इथूनच करतो, कारण पोरं हसतात आणि मग ऐकतात. चिपळुणात वाणिज्य शाखेला शिकवताना परदेशी बाजारपेठेचा धडा आला की पुस्तकात बर्गरवाले आणि शीतपेयवाले येतात. गुहागर चिपळूणपासून पंचेचाळीस किलोमीटरवर, आणि भारतातली त्या काळची सगळ्यात मोठी परदेशी गुंतवणूक तिथे येऊन बुडाली, याचा पुस्तकात उल्लेख नाही. म्हणून हे प्रकरण मी स्वतःच मांडून ठेवलंय. कंपनीची बाजू धरून ते वाचायचं, हा आमच्या वर्गातला नियम. विरोधाची बाजू आम्हाला पाठ आहे. घराघरात ऐकलेली आहे.

ह्यूस्टनहून गुहागरला कोण कशाला येईल

१९९१ साली देशाची परकीय चलनाची थैली रिकामी झाली होती, सोनं गहाण पडलं होतं. त्याच वर्षी सरकारनं वीजनिर्मिती खाजगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. भांडवलावर १६ टक्के परताव्याचं सूत्र ठरलं. १९९२ च्या मे महिन्यात दिल्लीचे अधिकारी गुंतवणूकदार शोधायला अमेरिकेला जाऊन आले आणि जूनमध्ये एन्रॉनची माणसं इथे दाखल झाली. २० जून १९९२ ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाबरोबर सामंजस्य करार झालासुद्धा. सुधाकरराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. निविदा काढली नाही, दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. आमच्याकडे दोन गुंठ्यांचा व्यवहार व्हायला याहून जास्त दिवस लागतात.

एन्रॉन ही मुळात टेक्सासमधल्या ह्यूस्टनची, नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनी सांभाळणारी कंपनी. त्याच सुमारास ती ब्रिटनमध्ये टीसाइडला १,८७५ मेगावॉटचा वायूवर चालणारा प्रकल्प उभारत होती, म्हणजे एवढं मोठं काम तिला नवखं नव्हतं. आखाती वायू द्रवरूपात जहाजांनी आशियात विकायचा तिचा बेत होता. असा वायू उतरवायचा तर खोल पाण्याची जेटी, टाक्या, तो पुन्हा वायुरूप करणारी यंत्रणा हवी, आणि त्या सगळ्यावरचा खर्च भरून निघायला रोज भरमसाठ वायू खपवणारं कोणीतरी शेजारी हवं. भारतात तेव्हा असं एकही टर्मिनल नव्हतं. म्हणून प्रकल्प २,०१५ मेगावॉटचा. महाराष्ट्राला किती वीज लागेल या हिशेबाइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, किती वायू खपवता येईल हा हिशेब त्या आकड्यामागे होता, असं माझं मत आहे. विक्रेत्याच्या गरजेच्या मापानं शिवलेला सदरा गिऱ्हाइकाला घालायचा होता.

भागीदार दोन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल, प्रत्येकी १० टक्के. उरलेले ८० टक्के एन्रॉनचे. पहिला टप्पा ६९५ मेगावॉटचा, खर्च दोन्ही टप्पे मिळून तीन अब्ज डॉलरच्या घरात.

इथे पहिली घंटा वाजली. जागतिक बँकेकडे कर्जासाठी विचारणा झाली, तेव्हा १९९३ मध्ये बँकेनं नकार कळवला. कारणं साधी होती: आयात वायूची वीज महाग पडेल, एवढा मोठा संच सतत चालवण्याइतकी मागणी राज्याला दिवसरात्र नाही, आणि मंडळावर न पेलणारा बोजा पडेल. बँक काही देववाणी बोलत नाही. तिच्या कितीतरी गोष्टी चुकल्यात. पण इथे गिऱ्हाइकाची ऐपत तपासणाऱ्या तिऱ्हाईतानं लेखी सांगितलं होतं की या माणसाला हा माल परवडणार नाही. कंपनीनं काय केलं? गिऱ्हाईक तेच ठेवलं आणि कागद आणखी घट्ट केला.

ट्रक दारात उभा

८ डिसेंबर १९९३ ला वीजखरेदी करार झाला. मुख्यमंत्रिपदी तोवर शरद पवार आले होते. करार वीस वर्षांचा. तो मुलांना समजवायला मी पुढचा दाखला देतो.

समजा, वाशीला आंबा पाठवायला तुम्ही एक मोठा ट्रक ठरवलात. मालक म्हणतो, महिन्याचं भाडं ठरलेलं, ट्रक भरा नाहीतर रिकामा दारात उभा ठेवा. डिझेल तुमचं, महागलं तरी तुमचंच. भाडं डॉलरच्या भावानं मोजायचं. तुमचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, करार मात्र वीस वर्षांचा. तुम्ही पैसे दिले नाहीत तर तुमचे वडील देतील अशी चिठ्ठी हवी, वडिलांनी दिले नाहीत तर आजोबा देतील अशी दुसरी चिठ्ठी हवी. आणि बागेतून जे पैसे येतील त्यातले काही आधी एका वेगळ्या खात्यात पडतील, तिथून मालक आपले उचलेल.

यातलं एकही कलम मी वाढवून सांगितलेलं नाही. मंडळ वीज घेवो न घेवो, ९० टक्के क्षमतेचे पैसे द्यायचे होते. स्थिर आकाराचा, म्हणजे त्या ठरलेल्या भाड्याचा, मोठा हिस्सा डॉलरशी बांधलेला. इंधनाचा खर्च जसाच्या तसा बिलात. राज्याची हमी, तिच्यावर सप्टेंबर १९९४ मध्ये केंद्राची प्रतिहमी, आणि एस्क्रो खातं. कंपनीच्या वकिलांनी आपलं काम चोख केलं होतं. परदेशात धंदा करताना जी म्हणून भीती वाटते, म्हणजे चलन घसरेल, इंधन चढेल, मागणी पडेल, गिऱ्हाईक टाळाटाळ करेल, ती एकेक करून त्यांनी समोरच्याच्या पदरात बांधली.

मागच्या वर्षी हे सांगत असताना शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मध्येच बोलला. घरचा आंब्याचा धंदा, वडील दरवर्षी वाशीला माल लावतात. तो म्हणाला, "सर, पप्पा नव्या दलालाला माल द्यायच्या आधी त्याचा भाव नाही विचारत. गेल्या साली त्यानं कोणाकोणाचे पैसे ठेवलेत, ते विचारतात." मी फळ्याकडे वळलो आणि ते वाक्य तसंच लिहिलं. एन्रॉनच्या एवढ्या फौजफाट्यात हा प्रश्न कोणालाच सुचला नसेल, असं म्हणवत नाही. सुचला असेल आणि उत्तर म्हणून हमीपत्रं दाखवली गेली असतील.

मंडळाची स्थिती लपलेली नव्हती. शेतीला वीज खर्चाहून कमी भावानं, त्याची भरपाई कारखान्यांच्या चढ्या दरातून. कारखानदार कंटाळून स्वतःची वीज तयार करायला लागला की मंडळाकडे महाग गिऱ्हाईक कमी आणि स्वस्त गिऱ्हाईक जास्त. गळती कागदावर दाखवत त्याहून कितीतरी मोठी असल्याचं पुढे २००० च्या सुमारास उघड झालं. ज्याला आपली वीज कोणत्या खांबावरून कुठे जाते याचा पत्ता नाही, तो डॉलरमध्ये बिल कुठून भरणार?

समुद्रात बुडवणं आणि वर काढणं

मार्च १९९५ मध्ये कर्जाची जुळणी पूर्ण होऊन काम सुरू झालं. त्याच महिन्यात विधानसभेचा निकाल लागला आणि युतीचं सरकार आलं. "एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू" ही प्रचारातली घोषणा. नवे उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्याच अध्यक्षतेखाली आढावा समिती बसली, आणि ३ ऑगस्ट १९९५ ला मनोहर जोशी सरकारनं पहिला टप्पा रद्द आणि दुसरा टप्पा नामंजूर केल्याचं जाहीर केलं. कंपनीनं लंडनमध्ये लवादाची नोटीस लावली.

राजकीय जोखीम म्हणून पुस्तकात जे परिच्छेदभर असतं ते इथे चार महिन्यांत घडलं. पण सरकार बदललं म्हणून करार मोडला, एवढंच लिहून सोडलं तर प्रकरण अर्धंच वाचल्यासारखं होईल. निविदेशिवाय, बंद दाराआड झालेला सौदा विरोधी पक्षाच्या हातात आयता मुद्दा देतो. १९९२ मध्ये काही आठवडे वाचवले, त्याची किंमत १९९५ मध्ये मोजावी लागली. त्यातच एन्रॉनच्या एका अधिकाऱ्यानं अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितलं की भारतीयांना या प्रक्रियेचं शिक्षण देण्यावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीनं २ कोटी डॉलर खर्च केले. बोलणाऱ्याच्या मनात वकील, सल्लागार, अभ्यासदौरे असतील. इथे ते वाक्य कसं वाचलं गेलं, हे सांगायला नको. 'शिक्षण' हा शब्द काही वर्षं महाराष्ट्रात सरळ अर्थानं वापरता येत नव्हता. आपल्या देशातल्या श्रोत्यांसाठी बोललेलं वाक्य ज्या देशात धंदा करायचा तिथेही ऐकलं जातं, एवढं भान ठेवलं असतं तरी पुष्कळ होतं.

नोव्हेंबर १९९५ मध्ये कंपनीच्या रिबेका मार्क मातोश्रीवर जाऊन बाळासाहेब ठाकऱ्यांना भेटल्या. मग फेरवाटाघाटी. दर युनिटला २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आल्याचं जाहीर झालं. पहिल्या टप्प्याचं इंधन नाफ्था, म्हणजे खनिज तेलातून निघणारं द्रव इंधन, ठरलं. क्षमता वाढून २,१८४ मेगावॉट झाली: पहिला टप्पा ७४०, दुसरा १,४४४. मंडळाला भागीदारी देऊ केली गेली. अखेर मंडळाकडे १५ टक्के राहिले आणि एन्रॉनचे ६५ टक्के झाले. केंद्रात १९९६ च्या मे महिन्यात तेरा दिवसांचं वाजपेयी सरकार होतं, त्यानं तेवढ्यात प्रतिहमीवर पुन्हा शिक्कामोर्तब केलं. डिसेंबर १९९६ मध्ये काम परत सुरू.

माझ्या मते हे प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण आहे, आणि १९९५ च्या रद्द करण्याच्या गोंगाटात त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. फेरवाटाघाटीत दोघांनाही छापायला आकडा मिळाला. सरकारला कमी दर, कंपनीला जास्त मेगावॉट. ज्या कलमांनी पुढे घात केला, म्हणजे न घेतलेल्या विजेचे पैसे, डॉलरचा भाव, इंधनाची चढ, ती जागच्या जागी राहिली. उलट दुसरा टप्पा आधी मंडळाच्या मर्जीवर होता, तो आता गळ्यात बांधला गेला. कंपनीला १९९५ मध्ये एक फुकट इशारा मिळाला होता: हे गिऱ्हाईक करार पाळू शकत नाही. तिनं त्यातून धडा घेतला तो असा, की हे गिऱ्हाईक दबावाखाली सही करतं.

ओटीवर कोणी बसलंच नाही

कोकणात जमीन घेणं म्हणजे काय ते इथल्याला सांगायला नको. सातबाऱ्यावर वीस नावं. त्यातली चौदा मुंबईत, दोन वारलेली, एकाचा पत्ता नाही. गणपतीला सगळे आले की पाटावर बसून बोलणं होतं, ते शिमग्यापर्यंत लांबतं. कंपनीला हे काही करावं लागलं नाही. जमीन सरकारनं संपादन करून दिली. सोय झाली खरी. पण जमीन मिळवताना जी ओळखपाळख होते, कोणाचं कोणाशी वाकडं, कुठल्या वाडीचं पाणी कुठून येतं, होडी कुठे ओढतात, ती झालीच नाही. कंपनीला गाव भेटलं ते तहसीलदाराच्या कचेरीतून आणि पोलिसांच्या गाडीतून.

वेलदूरच्या मच्छीमारांचे प्रश्न रोजच्या जगण्याचे होते. समुद्रात गरम पाणी सोडलं तर मासळी कुठे जाईल, जेटीच्या आसपास जाळं टाकू देतील का. अंजनवेल-रानवीकडे पाण्याची आणि बागांची चिंता. काहींना नोकऱ्या आणि ठेके हवे होते आणि ते मिळालेही. गावात फूट पडली ती तिथून. १९९६-९७ मध्ये मोर्चे, जमावबंदी, धरपकड रोजची झाली. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरमध्ये शिरले, घरांतून बायकांना बाहेर ओढलं, मारहाण झाली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्यावर अहवाल दिला. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचनं एन्रॉनवर अख्खा अहवाल काढला. प्रकल्पावर तैनात सरकारी पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हा त्यातला मुद्दा जगभर गाजला.

कंपनीच्या वहीत हे सगळं कायदा-सुव्यवस्थेच्या रकान्यात गेलं असणार. त्या रकान्यात गेलं की ते दुसऱ्याचं काम होतं. प्रत्यक्षात प्रकल्प या विरोधामुळे थांबला नाही, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. आंदोलन मोडलं गेलं आणि चिमण्या उभ्या राहिल्या. पण पुढे पैशाचा वांधा आला तेव्हा कंपनीच्या बाजूनं उभं राहील असं गुहागरात कोणी उरलं नव्हतं. राजकारण्यांना तिला सोडून देणं सोपं गेलं, कारण सोडल्यानं इथलं एकही मत जाणार नव्हतं.

बिलं

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. करार झाला तेव्हा डॉलर ३१-३२ रुपयांना होता, २००१ उजाडताना ४६ च्या पुढे. खनिज तेल १९९८ च्या अखेरीला पिंपाला दहा-बारा डॉलर होतं ते २००० मध्ये तिशीपार गेलं, आणि नाफ्था त्याच्या मागोमाग. वीज महाग झाली म्हणून मंडळानं कमी उचलली. कमी उचलली की तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला जातो, म्हणून युनिट आणखी महाग. महाग म्हणून आणखी कमी उचल. ट्रक दारात उभा आणि भाड्याचा मीटर चालू. १ रुपया ८६ पैशांची जी वीज जाहीर झाली होती ती काही महिन्यांत ७ रुपयांच्याही वर गेली.

इतर राज्यांना वीज विकायचे प्रयत्न झाले. थेट कारखान्यांना विकता आली असती तर गोष्ट वेगळी झाली असती कदाचित. पण तसं करायला मोकळीक देणारा वीज कायदा २००३ चा. एकाच गिऱ्हाइकावर उभ्या धंद्याला दुसरं गिऱ्हाईक गाठायला रस्ताच नव्हता, आणि सड्यावर रोवलेला प्रकल्प उचलून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. करारापूर्वी सगळे कंपनीच्या मागे धावत होते. काँक्रीट ओतल्यावर कंपनी सगळ्यांच्या मागे.

मंडळानं बिलं थकवली. कंपनीनं आधी राज्याची हमी आणि मग फेब्रुवारी २००१ मध्ये केंद्राची प्रतिहमी वापरली. वडिलांकडे गेली, मग आजोबांकडे. मंडळानं उलट डाव टाकला. बंद संच मागणी केल्यावर तीन तासांत पूर्ण क्षमतेवर आला पाहिजे, अशी अट करारात होती. जानेवारी २००१ मध्ये तो तसा आला नाही, म्हणून मंडळानं ४०१ कोटी रुपयांचा दंड लावला आणि तो बिलातून वळता करायची मागणी केली. कंपनीच्या वकिलांनी घट्ट केलेल्या कागदात हेही एक कलम होतं. ज्यानं कधी ते वाचलं असेल त्या मंडळाच्या अभियंत्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

विलासराव देशमुखांच्या सरकारनं माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. एप्रिल २००१ मध्ये तिचा अहवाल आला; त्यात करारावर आणि तो मंजूर करणाऱ्या आपल्याच यंत्रणेवर कोरडे ओढलेले आहेत. त्याच महिन्यात कंपनीनं राजकीय कारणानं करार पाळणं अशक्य झाल्याची नोटीस दिली, १९ मे ला करार संपवण्याची पहिली नोटीस आली, आणि २९ मे २००१ ला संच बंद झाले. दुसरा टप्पा तेव्हा बहुतेक बांधून झाला होता. ओमान आणि अबुधाबीशी वायूचे करार झालेले, टाक्या उभ्या.

एक गैरसमज दरवर्षी दूर करावा लागतो. एन्रॉन अमेरिकेत बुडाली म्हणून गुहागरचा प्रकल्प बंद पडला, असं पुष्कळांना वाटतं. एन्रॉननं दिवाळखोरीचा अर्ज केला २ डिसेंबर २००१ ला, आणि तो हिशेबातल्या लबाड्या बाहेर आल्यामुळे. प्रकल्प त्याच्या सहा महिने आधीच थंड होता. ह्यूस्टनचे हिशेब चोख असते तरी अंजनवेलचं बिल थकलंच असतं.

कोणाचे पैसे गेले

एन्रॉनच्या भागधारकांचे गेले, हे उघडच. तिचा हिस्सा जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलनं पुढे किरकोळ किमतीला घेतला. त्या दोघी लवादात गेल्या, मॉरिशसमार्गे केलेल्या गुंतवणुकीच्या आधारानं त्यांनी भारत सरकारवर दावे लावले आणि २००५ मध्ये तडजोड करून बाहेर पडल्या. अडकल्या त्या आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय अशा इथल्या वित्तसंस्था. त्यांनी कर्ज दिलं होतंच, वर परदेशी कर्जांनाही हमी दिली होती. धोका परदेशी कंपनीनं घेतला असं आपण म्हणतो, पण कर्जाच्या कागदांवर सही बघितली की देशी नावं जास्त लागतात. हा भाग मी परीक्षेत हमखास विचारतो आणि हमखास चुकीची उत्तरं येतात.

मुलांना मी गृहपाठ देतो: १९९२ मध्ये तुम्ही कंपनीत आहात, काय वेगळं कराल? बरीच मुलं लिहितात, येणारच नाही. ते उत्तर मी कापतो. त्याच लाटेत आलेली अमेरिकी वीजकंपनी कॉजेन्ट्रिक्स मंगळूरचा प्रकल्प सोडून १९९९ च्या डिसेंबरात निघून गेली, म्हणजे न येणं हाही पर्याय होता, पण त्यातून शिकायला काही मिळत नाही. बरी उत्तरं साधारण अशी असतात: निविदेतून या, म्हणजे पुढच्या सरकारला बोट दाखवायला जागा नको, लहान सुरुवात करा, मंडळ वेळेवर बिल भरतं का ते दोन वर्षं बघा, मग दुसरा टप्पा, भाड्याचा थोडा तरी भाग रुपयात घ्या. वेलदूरच्या एका मुलीनं लिहिलं होतं, "जेटीच्या जागेवरून आधी आमच्या गावच्या बैठकीत बोलले असते तर त्यांना कळलं असतं की पावसात तिथे बोट लागत नाही." हे वाचून मी थोडा वेळ पेन खाली ठेवलं. वायूचं टर्मिनल अखेर जानेवारी २०१३ मध्ये सुरू झालं आणि लाटा अडवणारी तटभिंत अपुरी असल्यामुळे कैक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नव्हतं. तिला दहापैकी नऊ दिले. एक शुद्धलेखनाचा कापला.

हाच किनारा पुढेही बाहेरच्या कंपन्यांना सोपा गेला नाही. जैतापूरला १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या पुरवायला फ्रान्सची अरेव्हा आली; नंतर ती स्वतःच अडचणीत येऊन तिचा अणुभट्ट्यांचा धंदा फ्रान्सच्याच ईडीएफ या वीजकंपनीकडे गेला. नाणारच्या तेलशुद्धीकरणासाठी सौदी अरामको २०१८ मध्ये भागीदार झाली आणि २०१९ मध्ये जमिनीची अधिसूचनाच मागे घेतली गेली. दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत, एका ओळीत बसवू नयेत. पण त्यांच्यावर बोलताना इकडे कोणीही पहिला शब्द एन्रॉनचा काढतो, हे मात्र येणाऱ्यानं माहीत करून घ्यावं.

प्रकल्प पाच वर्षं गंजत पडला. राज्यात भारनियमनानं लोक हैराण, आणि गुहागरात तयार संच कुलूपबंद. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली, २००६ मध्ये संच पुन्हा फिरले, क्षमता १,९६७ मेगावॉट. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला आणि २०१३ मध्ये पुन्हा बंद. २०१५ पासून काही वर्षं रेल्वेला वीज गेली. पुढे टर्मिनल वेगळं काढून कोकण एलएनजी झालं. दाभोळ पॉवर कंपनी ही पाटी कधीच उतरली.

परवा गुहागर स्टँडवर अंजनवेलच्या एसटीत चढलो. पुढच्या सीटवर एक तरुण, पाठीवर बॅग, गळ्यात पास अडकवलेला. बहुधा पहिलाच दिवस. त्यानं कंडक्टरला कंपनीचं पूर्ण नाव सांगितलं, रत्नागिरी गॅस अँड पॉवर. कंडक्टरनं त्याच्याकडे बघितलं, तिकीट फाडलं आणि मागे वळून ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "एन्रॉनला एक थांबव हो!"